हॅदरसेजचा दिवस: तरण्या स्पॅनिअलला रानात थांबवायचं कसं

इंग्लंडात शेफिल्डहून होप व्हॅलीच्या गाडीत बसलं की टोटलीचा लांबलचक बोगदा संपता संपता ग्रिंडलफर्ड येतं आणि त्यापुढचं स्टेशन हॅदरसेज. पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास. कुत्र्याला तिकीट नाही, माणशी दोन कुत्री फुकट नेता येतात. लवंगी, आमची वर्षाची वर्किंग कॉकर (शिकारीत पक्षी उठवायला नि आणायला जोपासलेली छोटी स्पॅनिअल), खिडकीखाली बसून आली. अशा शिकारी कुत्र्यांची शिकवणी गावाबाहेरच्या एका मेंढपाळ शेतकऱ्याच्या जमिनीवर होती, त्याची परवानगी घेऊन. तुम्हीही असं परवानगीचं शेतच शोधा. वरच्या माळावर ग्राऊस या रानपक्ष्याच्या शिकारीचा हंगाम १२ ऑगस्टलाच सुरू होतो. शिवाय काही माळांवर कुत्र्यांना वर्षभर बंदी असते, त्यामुळे फाटकावरची पाटी वाचल्याशिवाय आत पाऊल टाकू नका.

घरी लवंगी शहाण्यासारखी वागते. रानात मात्र वास लागला की हाक तिच्या कानापर्यंत पोचतच नाही. हा हट्ट नव्हे. पिढ्यानपिढ्या याच नाकासाठी ही जात जोपासली आहे. म्हणून माझं ठाम मत झालंय की तरुण कुत्र्याला पडलेली वस्तू आणायला शिकवण्याआधी थांबायला शिकवावं. थांबणारा कुत्रा बाकी सगळं पुढे शिकतो. न थांबणारा एखाद्या दिवशी रस्त्यावर नाहीतर मेंढरांत जातो.

सकाळभर कुत्री जवळजवळ काहीच करत नव्हती, आणि तेच शिक्षण होतं. सात-आठ कुत्री ओळीने बसलेली. शिक्षिका कॅनव्हासची अर्ध्या किलोच्या आतबाहेरची डमी (पक्ष्याऐवजी वापरायची गुंडाळी) लांब फेकायच्या आणि कुत्र्याऐवजी मालकाने चालत जाऊन ती उचलून आणायची. पुन्हा फेक, पुन्हा मालक. मध्येच कधीतरी एखाद्याच कुत्र्याला नाव घेऊन सोडायचं. पडलेली प्रत्येक वस्तू आपलीच, असं एकदा कुत्र्याच्या डोक्यात बसलं की ते हात वर जाताच धाव घेतं. लवंगीचे पुढचे पाय गवतात रुतले होते, मागचा भाग जमिनीपासून बोटभर उचललेला, शेपटीचं टोक थरथरत होतं. तोंडातून आवाज मात्र नव्हता, आणि मला त्याचंच समाधान वाटलं. कुंईकुंईची सवय लागली की मोडणं फार अवघड, आणि फील्ड ट्रायलमध्ये, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धेत, त्यावरून कुत्रा बाद होतो.

शिट्टीचं सांगते. स्पॅनिअलसाठी बहुतेक जण ॲक्मे कंपनीची २१०.५ क्रमांकाची शिट्टी वापरतात, लॅब्रेडॉरसाठी २११.५. हा आकडा स्वराचा, त्यामुळे हरवली तर नेमकी तशीच दुसरी मिळते. खिशात जादाची ठेवाच. एक लांब फुंक म्हणजे बस, तुटक फुंका म्हणजे परत ये. आवाज चढवण्यापेक्षा शिट्टी बरी, कारण तिच्यात आपला राग उतरत नाही. सुरुवात घरी जेवणाच्या भांड्यापाशी करा: लांब फुंक, बूड टेकलं की भांडं खाली. मग कुत्रं आपल्याकडे येत असताना थांबवा. आपल्यापासून दूर धावणाऱ्याला थांबवणं सगळ्यांत कठीण, ते शेवटी. आणि ऐकेल अशी खात्री नसेल तर शिट्टी फुंकूच नका, लांब दोरी लावा. वाया गेलेली प्रत्येक फुंक पुढच्या फुंकेची किंमत कमी करते.

दुपारी नेचाच्या दाट झुडपांच्या कडेने शोध. वारा तोंडावर घेऊन चालायचं, कुत्रं आपल्यापुढे डावी-उजवीकडे आडव्या फेऱ्या मारतं. वारा पाठीवर असेल तर ते आधी लांब जातं आणि शोधत आपल्याकडे येतं, म्हणून नवख्याने तसं जाऊ नये. वीसेक मीटरच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. एका वळणावर लवंगीची शेपटी एकदम वेगात फिरू लागली. मी शिट्टी ओठांत धरली, आणि नेचातून फेझंट या कोंबड्यासारख्या रानपक्ष्याचा नर फडफडाट करत उठला. लांब फुंक मारली. लवंगी बसली, मान वर करून त्याच्याकडे बघत राहिली. शिक्षिकेने मला तिच्याजवळ चालत जायला लावलं, तिथेच शाबासकी द्यायला, आणि पक्षी गेला त्याच्या उलट्या दिशेने काम पुढे सुरू करायला. तिथून बोलावून घेतलं असतं तर शाबासकी येण्याची झाली असती, बसण्याची नव्हे. ही एक गोष्ट शिकायला मिळाली तरी त्या दिवसाची फी वसूल.

मेंढ्यांच्या शेजारून जाताना पट्टा बारा महिने हवा. खुल्या माळरानावर १ मार्च ते ३१ जुलै दोन मीटरपर्यंतचाच पट्टा, कारण तेव्हा पक्षी जमिनीवर अंडी घालतात. मेंढ्यांच्या मागे लागलेल्या कुत्र्यावर शेतकऱ्याने गोळी झाडली तर काही परिस्थितीत कायदा त्याच्या बाजूने असतो. झुडपात गळपट्टा अडकतो, तिथे काढा. सार्वजनिक वाटेवर मात्र नाव-पत्त्याचा बिल्ला हवा. संध्याकाळी कानांमागे, काखेत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी शोधा. नेचात त्या हमखास चिकटतात.

पुण्या-नाशकात लॅब्रेडॉर किंवा कॉकर पाळणाऱ्यांनाही हे सगळं करता येईल. भारतात शिकारीला १९७२च्या कायद्याने बंदी आहे, पण डमी आणि शिट्टीला शिकार लागत नाही. कुंपणाचं मोकळं मैदान पुरे.

इकडे इंग्लंडात १ ऑक्टोबरला फेझंटच्या शिकारीचा हंगाम सुरू होईल आणि कुणीतरी तुम्हाला कुत्रं हाकारीला (पक्षी उठवून बंदुकीपुढे हाकायला) आणायचं आमंत्रण देईल. पहिल्या वर्षी कुत्रं हाकाऱ्यांच्या रांगेत सोडू नका. पट्ट्यावर घेऊन बाजूला उभं राहायची परवानगी मागा, बंदुकीचे आवाज आणि पडणारे पक्षी त्याला नुसते बघू द्या.