मुद्देमाल झालेली माझी स्प्लेंडर

2024च्या जूनमध्ये, बाजाराच्या दिवशी, बँकेच्या दारातून माझी स्प्लेंडर गेली. हँडल लॉक होतं, तरी गेली. पोलीस ठाण्यात अंमलदार म्हणाले, "पोरांनी नेली असेल, दोन दिवस शोधा." मीही शहाणा, दोन दिवस गॅरेजं पालथी घातली. तिसऱ्या दिवशी पुतण्याला बरोबर नेलं. तो लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे घरात त्याच्याशी वाद घालायची सोय नाही. त्याने ललिताकुमारी खटला काढला: तक्रारीत दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) दिसत असेल तर एफआयआर नोंदवावाच लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली सांगितलंय. अंमलदारांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि चोरीच्या कलम 379 खाली गुन्हा दाखल केला. एफआयआरची प्रत मिळाली. ती फिर्यादीला फुकटच द्यायची असते, झेरॉक्सचे पैसे काढू नका.

सप्टेंबरात फोन आला. एका पोराकडे सात गाड्या सापडल्यात, त्यातली एक तुमची आहे का बघायला या.

ठाण्यामागच्या आवारात गुडघाभर गवत आणि त्यात एकमेकींवर रेललेल्या गाड्या. एका स्कूटरच्या तुटक्या डिकीतून एरंड वर आला होता. माझ्या गाडीला नंबरप्लेट नाही, आरसे नाहीत, इंजिन नंबर घासून सपाट केलेला. हँडलखालच्या गळ्यावर डिझेलचं फडकं फिरवलं तेव्हा चासी नंबर दिसायला लागला. आरसी बुकाशी एकेक आकडा ताडला. माझीच!

"मग नेऊ का?"

हवालदार हसले. "काका, आता ती गाडी नाही, मुद्देमाल आहे. कोर्टातून सुपुर्तनाम्याचा, म्हणजे गाडी तुमच्या ताब्यात द्यायचा, हुकूम आणा."

म्हणजे गाडी माझी, कागद माझे, आणि अर्ज करून मागायचीही मीच. अर्जालाही कलमाची अडचण. 1 जुलै 2024पासून नवे कायदे लागू झालेले; चोरी जूनची, अर्ज सप्टेंबरचा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत अशी गाडी 457 खाली मागतात, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 503 खाली. वकिलांनी 503 टाकलं. लिपिक म्हणाले, तपास जुन्यातला, 457 करा. शेवटी दोन्ही आकडे टाकून अर्ज आत गेला. वकील म्हणाले, "1898च्या संहितेत हेच 523 होतं. आकडा बदलतो, आवारातलं गवत तेवढंच."

अर्जासोबत आरसी, विमा, आधार, एफआयआरची प्रत, प्रतिज्ञापत्र आणि कोर्ट फीचं तिकीट. माझा विमा थर्ड पार्टीचा होता, म्हणून सरळ गेलं. चोरीचा क्लेम घेऊन बसला असाल तर गाडीवर कंपनी हक्क सांगते, ते आधी बघा.

मग तारखा. पहिल्या तारखेला पोलिसांचं म्हणणं आलं नव्हतं. दुसऱ्या तारखेला ते आलं, तर सरकारी वकील रजेवर. मी दोन्ही वेळा डबा घेऊन गेलो होतो, तो कोर्टाच्या चिंचेखाली खाल्ला. तिसऱ्या तारखेला वकिलांनी सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात सरकार हा 2002चा निकाल पुढे ठेवला: जप्त वाहनं ठाण्यात वर्षानुवर्षं सडत ठेवू नका, पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र घ्या आणि मालकाला द्या. साहेबांनी दोन मिनिटांत अर्ज मंजूर केला. दीड महिन्यातली ती दोन मिनिटं! नव्या कायद्यातल्या 497ने मुदतच घातलीय: मुद्देमाल कोर्टापुढे आल्यापासून 14 दिवसांत त्याचं वर्णन तयार करायचं, फोटो काढायचे, आणि नंतर 30 दिवसांत त्याच्या विल्हेवाटीचा हुकूम. गवताला हे कुणी सांगितलंय का, माहीत नाही.

चाळीस हजारांचं बंधपत्र लिहून दिलं. खटला संपेपर्यंत गाडी विकायची नाही, रूप बदलायचं नाही, कोर्ट म्हणेल तेव्हा हजर करायची.

बॅटरी, टायर आणि आरसे टाकून गाडी चालू झाली. टाकीवर मात्र गुन्हा रजिस्टर नंबर पांढऱ्या ऑइलपेंटने हातभर लिहिलेला आहे. तो खरवडला तर रूप बदलतं का, हे मी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "राहू द्या हो. नंबर बघून चोर हात लावणार नाही."

परवा पेट्रोल पंपावरच्या पोराने विचारलं, "काका, पोलिसांत आहात का?"