तिने विचारलं नाही

मी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर आहे. ब्रेन डेड झालेल्या, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेल्या पेशंटच्या घरच्यांशी अवयवदानाचं बोलायचं, हे माझं काम. अकरा वर्षं झाली, तरी दिवाळीआधीची ती केस डोक्यातून जात नाही.

२३ वर्षांचा मुलगा. बाइक घसरली, डोक्याला मार. हेल्मेट हँडलला अडकवलेलं.

१९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे पेशंट खरंच ब्रेन डेड आहे का, हे चार डॉक्टरांचं पॅनल दोनदा तपासतं, मध्ये किमान सहा तास जावे लागतात. बुबुळांवर टॉर्च मारतात, कानात बर्फाचं पाणी सोडतात आणि शेवटी ॲप्निया टेस्ट. व्हेंटिलेटर काढायचा, नळीतून नुसता ऑक्सिजन सोडायचा आणि आठ-दहा मिनिटं उघड्या छातीकडे बघत राहायचं. एक तरी श्वास आपणहून येतो का? रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६०च्या वर गेला तरी छाती हलली नाही, की संपलं. त्या मिनिटांत मी अजूनही स्वतःचा श्वास रोखून उभी असते.

"हात गरम आहे की हो, ताई," आई म्हणाल्या. मी सांगितलं, हृदयाला स्वतःची वीज असते, मशीन ऑक्सिजन देतंय तोवर ते काही काळ चालतं. त्यांनी माझा हात उचलून त्याच्या तळव्यावर ठेवला. गरमच होता.

नातेवाईक येत, रडत, सल्ले देत आणि निघून जात. त्याचे तीन मित्र मात्र दोन दिवस हलले नाहीत. एक पोलिसांच्या कागदांमागे, दुसरा ब्लड बँकेत, तिसरा आईंच्या चपला सांभाळत. त्या आयसीयूच्या दारात चपला काढायच्या आणि बाहेर आल्या की अनवाणीच भलतीकडे चालू लागायच्या. तो मुलगा धावत जाऊन चपला त्यांच्या पायांपुढे सरळ मांडायचा, त्या पाय घालेपर्यंत वाकून थांबायचा.

दुसऱ्या टेस्टनंतर बोलणं झालं. वडील गप्प. आई नको म्हणाल्या. चुलते मागे लागले, "अहो वहिनी, पुण्याचं काम आहे." मी त्यांना थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. माझ्या मनात दोन किडन्या, एक लिव्हर असा हिशेब चालू होता. चपलावाला मुलगाच बोलला, "काका, काकू नको म्हणतायत ना? मग परत परत नका विचारू."

मी फाइल मिटली. त्या मुलाचे उपकार आहेत माझ्यावर. पुढे मीटिंगमध्ये मला विचारलं गेलं, "कन्व्हर्जन का झालं नाही?" म्हणजे घरच्यांचा होकार का मिळवला नाही. हा शब्द मला सहन होत नाही. आपण काय प्लॉट विकतो का?

रात्री दोन वाजता जिन्यात बसून मैत्रिणीला मेसेज केला, "नाही म्हणाले." ती आमच्याच डायलिसिस युनिटला टेक्निशियन, मागे क्वार्टर्समध्ये राहते. पंधरा मिनिटांत आली. गाउनवर ओढणी, हातात चहाचा थर्मास. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास जी माणसं मशीनला लागतात, त्यांच्या हातात सुया घालणारी बाई ही. "ताई, नंबर कधी लागेल?" हे रोज तिला ऐकावं लागतं, मला नाही. नकार का आला, मी कुठे कमी पडले, हे विचारायचा हक्क कुणाला असेल तर तिला.

तिने विचारलं नाही. झाकणात चहा ओतून दिला. मी बोलले ते ऐकलं, रडले तेव्हा पाठीवर हात ठेवला. हात गरम आहे म्हणाल्या होत्या, हे मी तिला तीनदा सांगितलं असेन. तिसऱ्यांदाही तिने ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं.

वर त्याचं हृदय अजून चालू होतं, दुपारी थांबलं.

सहाला तिची पहिली बॅच. साडेपाचला ती उठली, थर्मास माझ्यापाशीच ठेवला, म्हणाली, "अर्धा आहे अजून, संपव." त्या बॅचमध्ये किडनीच्या यादीवरचे दोघं होते. मला माहीत होतं, तिलाही.