तीन पाऊस

दुपारी हातातलं काम सोडून मी माझ्या साइटवरच्या लेखांच्या वेब-पत्त्यांतल्या तारखा काढायला बसलो. कारण असं काही नाही, डोळ्यांत खुपत होत्या. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि एवढी वंशावळ सांगून झाल्यावर कुठे लेखाचं नाव. साध्या फाइलींतून साइट बनवणाऱ्या जेकिल या सॉफ्टवेअरच्या कॉन्फिग फाइलमधली पर्मालिंकची, म्हणजे पत्ता कसा असावा ते ठरवणारी, ओळ बदलली, नुसतं नाव ठेवलं, साइट पुन्हा बिल्ड केली, म्हणजे सगळी पानं नव्यानं बनवली.

टर्मिनल कुरकुरलं: एकाच पत्त्यावर तीन फाइली येताहेत.

तिन्हींचं नाव 'पाऊस'. पहिली सर आली की मला लिहावंसं वाटतं, आणि दुसरं नाव काही सुचत नाही. इतके दिवस तारखेनंच त्यांना वेगळं ठेवलं होतं, हे माझ्या गावीही नव्हतं.

शाळेत गणिताच्या वह्यांचं हेच झालं होतं. पहिली भरली तेव्हा दुसरीच्या लेबलवर मी ऐटीत लिहिलं, 'गणित, नवी'. तिसरी आली. तिच्यावर 'गणित, अगदी नवी'. वर्षाअखेरीस त्या अगदी नवीचं कव्हर लोंबत होतं आणि ताई विचारत होती, "यातली नवी कुठली रे?"

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलंय की चांगले पत्ते बदलत नाहीत. लेखकाचं नाव, विषय, फाइलीचं एक्स्टेन्शन (.html सारखं शेपूट), सगळं पत्त्यातून वगळा. तारीख चालेल, ती बदलत नाही. मी नेमकी तीच उडवली. (त्यांच्या त्या लेखाच्या पत्त्यात तारीख नाही, पण थोरामोठ्यांना कोण बोलणार?)

मग म्हटलं, पत्त्यात नाव तरी देवनागरीत देऊ. ब्राउझरच्या पट्टीत 'पाऊस' देखणा दिसला. कॉपी करून मित्राला पाठवला, तर टक्क्यांच्या चिन्हांसकट ३६ खुणांची रांग. पाऊस कसला, गारा!

रोमनवर परत आलो. नुसतं वर्ष घातलं, जुन्या पत्त्यांवर रीडायरेक्टची, म्हणजे नव्या पत्त्याकडे धाडणारी, पानं ठेवली, बिल्ड केलं. पुन्हा कुरकुर. २०१९ मध्ये मी पाऊस दोनदा लिहिला होता. एक सुरू होतानाचा, एक संपतानाचा. दुसरा मी साफ विसरलो होतो. तो वाचत बसलो.

संध्याकाळी महिना घातला. मग दिवसानं तरी काय घोडं मारलंय, म्हणून तोही.