बंपरला गंज कुठून येणार?

पांढऱ्या गाडीवर गंज लपत नाही. दिवाळीच्या तोंडावर एक पोरगा आणि त्याचे वडील अशीच एक पांढरी गाडी घेऊन गॅरेजवर आले. गाडी घेऊन वर्षही झालं नव्हतं. बॉनेट, टप, डिकी, उजव्या अंगाचे दोन्ही दरवाजे, सगळीकडे मोहरीहून बारीक विटकरी ठिपके. काही ठिपक्यांभोवती पिवळसर कडं धरलेलं.

"मिस्त्री, उसाच्या बिलातनं घेऊन दिली हो पोराला," वडील म्हणाले. "एका ठिकाणी दावली, तर म्हणाले पत्राच कच्चा हाय, आतनं गंज फुटलाय. सगळी गाडी घासून रंग मारायला लागंल." पोरगा काहीच बोलत नव्हता. त्याच्या पहिल्या नोकरीतली पहिली गाडी होती ती.

मी बॉनेटकडं न जाता आधी मागच्या बंपरपाशी बसलो. तिथंही तसेच ठिपके होते. मग मागची काच बघितली, तिच्यावरही तुरळक होते. मी पोराला जवळ बोलावलं. "दादा, बंपर कशाचा असतो?"

"प्लास्टिकचा."

"मग प्लास्टिकला गंज कुठून येणार?"

त्याच्या ध्यानात आलं. गंज गाडीच्या लोखंडाचा नव्हताच, बाहेरून येऊन बसलेल्या लोखंडाचा होता. कामाला कुठं आहेस विचारलं, तर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात. गाडी लावतो कुठं, तर फेटलिंग शेडच्या भिंतीला, रोज आठ तास, उजवी बाजू शेडकडं करून. आता सगळंच जुळलं. फेटलिंगला कास्टिंगच्या, म्हणजे ओतलेल्या भागांच्या, जादा कडा ग्राइंडरनं उडवतात. त्याचा लोखंडी कण तापलेला असतो. गाडीवर पडला की रंगावरच्या पारदर्शक थराला, म्हणजे क्लिअर कोटला, चिकटतो, थोडा आत रुततो. कोरड्या दिवसांत तो दिसतसुद्धा नाही. पावसाळा लागला की गंजायला सुरुवात होते, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून कण फुगून वर येतो आणि भोवती डाग सोडतो. शिरोलीला, गोकुळ शिरगावला फाउंड्र्या भरपूर, त्यामुळं कोल्हापुरात हा प्रकार नवा नाही. रेल्वे रुळांच्या कडेला उभ्या राहणाऱ्या गाड्यांवरही ब्रेकच्या भुकटीनं हेच होतं.

वडिलांना तरी पटेना. त्यांच्या हातात मी पावाची रिकामी पिशवी दिली, ती हातात घालून बॉनेटवरून अलगद फिरवायला सांगितली. उघड्या हाताला जे कळत नाही ते पातळ प्लास्टिकमधून कळतं. "खरखर लागतंय की!" म्हणाले.

गाडी सावलीत घेऊन आधी नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानं धुतली, फडकं लावलं नाही. मग डाव्या दरवाजावर, जिथं ठिपके कमी होते, आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारं रसायन, मारून बघितलं. सडक्या अंड्यासारखा वास येतो त्याला, पण काम चोख. त्यातलं रसायन लोखंडाला धरतं आणि जांभळं होतं. दोन-तीन मिनिटांत पांढऱ्या दरवाजावर प्रत्येक कणापासून जांभळा ओघळ खाली उतरायला लागला. साध्या डोळ्यांना ठिपका दिसत नव्हता तिथूनसुद्धा ओघळ निघाले. वडील खुर्ची सोडून आले आणि वाकून बघत राहिले. हे रसायन पत्र्यावर वाळू द्यायचं नाही आणि तापलेल्या पत्र्यावर मारायचं नाही, एवढं पथ्य पाळायचं. एक एक भाग घेत, मारत, धुवत पूर्ण गाडी केली. बॉनेट आणि टपाला दुसऱ्यांदा मारायला लागलं.

त्यानंतरही जे कण रुतून बसले होते ते क्लेनं, म्हणजे रंगावरून फिरवायच्या मऊ चिकणमातीसारख्या वडीनं, काढले. साबणाचं पाणी मारत, अजिबात दाब न देता क्ले फिरवायची, मळली की घडी घालून स्वच्छ बाजू वर घ्यायची. जमिनीवर पडली तर ती टाकूनच द्यायची, नाहीतर तिच्यातला एक खडा सगळ्या बॉनेटवर ओरखडे पाडतो. टपावर काही ठिकाणी गरम कण इतका आत शिरला होता की तो निघाल्यावर बारीक खळगा राहिला. पॉलिश मारून तो बुजत नाही, पण हातभरावरून दिसतही नाही. पोराला मी तो बोट लावून दाखवला. लपवायचं कशाला?

पूर्ण गाडी रंगवायला सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. कारखान्यात उघडी बॉडी प्रायमरच्या, म्हणजे रंगाखालच्या अस्तराच्या, टाकीत बुडवतात, विजेच्या प्रवाहानं प्रायमर सांदीकोपऱ्यात बसतो आणि मग तो दीडशे अंशांच्या वर भाजला जातो. आमच्या रंगाच्या बूथमध्ये 60 अंशांपुढं जाता येत नाही, कारण तोवर गाडीत वायरी, काचा, प्लास्टिक सगळं बसलेलं असतं. कंपनीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात. ते एकदा घासून टाकले की त्या प्रतीचं काम कुठलाही पेंटर परत देऊ शकत नाही, मीही नाही. शिवाय कण तसेच ठेवून वर रंग मारला असता तर पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी फोड आले असते. मित्रानं पोराला बाथरूमचं ॲसिड लावायला सुचवलं होतं. मी त्याला बजावून सांगितलं, ते क्लिअर खातं आणि जिथं पत्रा उघडा असेल तिथं खरा गंज चढवतं.

आणि खरा गंजही एका जागी होताच. बॉनेटच्या पुढच्या कडेला हायवेवरचा दगड लागून रंगाचा टवका उडाला होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. तिथं आयर्न रिमूव्हरचा उपयोग नव्हता. ब्लेडच्या टोकानं कडेचा सुटलेला रंग काढला, चमकता पत्रा दिसेपर्यंत गंज खरवडला, राहिलेल्या बारीक छिद्रांत रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे उरलेला गंज थोपवणारं रसायन, भरला. तो काळा पडून सुकल्यावर बारीक ब्रशनं इपॉक्सी प्रायमर लावला, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कोडचा पांढरा व वर क्लिअर टिपून बसवला. हे काम हळूहळूच करायचं असतं. घाईनं एकदाच जाड थेंब सोडला की वरून सुकतो, आत ओला राहतो आणि आक्रसतो.

संध्याकाळी पैसे विचारताना वडिलांचा आवाज दबकाच होता. आकडा ऐकल्यावर त्यांनी मला पुन्हा विचारलं, "नक्की एवढंच?" एवढंच होतं, कारण दोन दिवसांची मेहनत, रसायनाची बाटली आणि चिमूटभर रंग यापलीकडं काही गेलंच नव्हतं.

पोराला सांगितलं, शेडपासून लांब, वारा जिकडून येतो त्या अंगाला गाडी लाव. तिथं असताना गाडीवर कव्हर घालू नकोस, कव्हरखाली कण घासले जातात. कोरड्या फडक्यानं तर कधीच पुसू नकोस. दर दोन-तीन महिन्यांनी वॅक्स लाव, म्हणजे कण क्लिअरला सहज धरणार नाही. त्यानं सुपरवायझरला सांगून पार्किंग गेटच्या बाजूला मागून घेतलं. पुढच्या पावसाळ्यानंतर आला तेव्हा डिकीवर थोडे नवे ठिपके होते, तेवढे अर्ध्या तासात निघाले. टवक्याच्या जागी नख फिरवून बघितलं, कड उचलली नव्हती.