कुत्रं शेवटपर्यंत असतं ना?

गुरुवार असल्यामुळे दुपारी लाइट गेले. पंखा बंद, झोप उडालेली, आणि दिवाणावर भाचीने टाकून दिलेली एक इंग्रजी कादंबरी. भाची न्यू जर्सीला असते. येताना विमानात वाचायला काहीतरी घेते आणि जाताना बॅगेचं वजन भरलं की ते माझ्या गळ्यात मारते.

पुस्तक हातात घेतलं आणि सवयीने मागून उघडलं. रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचणं म्हणजे जेवणाआधी बडीशेप खाणं, असं आमच्या घरातलं मत आहे. पण मी खुनी कोण ते बघत नाही, देवाशपथ. पुस्तकात कुत्रं असलं तर ते शेवटपर्यंत असतं ना, एवढंच बघते. माणसं मरेनात का, त्यांच्यासाठीच तर रहस्यकथा असते.

कुत्रं होतं. मग निवांत पहिल्या पानावर आले.

कादंबरी डेव्हिड रोझेनफेल्ट यांची, ‘प्ले डेड’, 2007 सालची. नायक अँडी कारपेंटर हा न्यू जर्सीतल्याच पॅटरसन शहरातला वकील. वडिलांकडून याला दोन कोटी वीस लाख डॉलर मिळालेले, त्यामुळे काम करायची मुळीच इच्छा नाही. पक्षकार दारात आला की याच्या पोटात गोळा येतो. असा वकील मी तरी पाहिलेला नाही. कुत्र्यांचं नाव काढलं की मात्र हा पघळतो. यात तर त्याचा पक्षकारच एक गोल्डन रिट्रीव्हर आहे. मालकाला चावला म्हणून त्याला मारायचं ठरलंय, आणि हा कोर्टात त्याच्या बाजूने उभा. पुढे कळतं की हे कुत्रं साधंसुधं नाही. पाच वर्षांपूर्वी एका खुनाच्या वेळी ते तिथे होतं, आणि ते तेव्हाच समुद्रात बुडून मेलं असं सगळे धरून चालले होते. मेलेला साक्षीदार शेपटी हलवत हजर! लेखक हे उगाच लिहीत नाही. बायको आणि तब्बल पंचवीस कुत्री घेऊन हा गृहस्थ कॅलिफोर्नियाहून पार दुसऱ्या टोकाच्या मेन राज्यापर्यंत रस्त्याने गेलाय.

आता हे आमच्या दादांनी वाचलं असतं तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले असते, “ऐकीव पुरावा. टिकायचा नाही.”

दादा म्हणजे माझे आजोबा. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात वकिली करायचे. पोलिसांचं कुत्रं वास काढत आरोपीपर्यंत गेलं तर त्याचं काय करायचं, हा प्रश्न 1969 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता, तोही महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात. दादांना तो पाठ होता. यावरचा पहिला आक्षेप असा की कुत्रं काही पिंजऱ्यात उभं राहून शपथ घेऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होऊ शकत नाही. त्याचं म्हणणं त्याला सांभाळणाऱ्या माणसानेच सांगायचं. दादा हे सांगायचे आणि वर म्हणायचे, “शपथ घेऊन खोटं बोलणारे मी रोज बघतो. त्यापेक्षा हा बरा.”

‘हा’ म्हणजे बेलीफ. कोर्टाच्या आवारातलं तांबडं कुत्रं, एक कान दुमडलेला. समन्स घेऊन फिरणाऱ्या कोर्टाच्या बेलीफासारखं प्रत्येकाच्या दारात जाऊन उभं राहायचं म्हणून कारकुनांनी ते नाव ठेवलेलं. कोर्ट सुटलं की दादांना घरापर्यंत पोचवायचं, अर्धी भाकरी घ्यायचं आणि ओसरीवरच्या बाकाखाली पसरायचं. आमचं होतं का? नव्हतं. आजी तर त्याला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू द्यायची नाही.

1979 च्या पावसाळ्यात एक बाई ओसरीवर आली. पदराखालून तिने वर्तमानपत्राची पुडी काढली, उघडली. आत कोंबडीची पिसं. तांबूस, ओली, देठाला चिखल लागलेला. “दोन गेल्या, वकीलसायेब. ह्यांच्या कुत्र्यानंच खाल्ल्या,” म्हणत तिने मागे उभ्या शेजाऱ्याकडे हात केला. शेजारी सुतळीला बांधून आरोपीलाच घेऊन आला होता. “आमच्या घरात माळ हाय, सायेब. कुत्रंबी भाकरीच खातं.”

दादा गंभीरपणे म्हणाले, “मुद्देमाल पुढे ठेवा.” पुडी आरोपीसमोर ठेवली. त्याने हुंगली, शिंकलं, आणि माझ्या हातातल्या बटरकडे बघत बसलं. तेवढ्यात बाकाखालून बेलीफ बाहेर आला. पुडीपाशी गेला, नाक लावलं. मग कान पाडून, कुणाकडेही न बघता, पायऱ्या उतरून चालता झाला. इतका सभ्यपणे की बाईच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. दादांच्याही आलं, कारण त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि घसा खाकरला.

“बाई, पुरावा अपुरा आहे,” ते म्हणाले. “पण दारात आलात, हात हलवत कशा जाल?” आणि कोनाड्यातल्या डब्यातून दोन कोंबड्यांचे पैसे काढून दिले. शेजारी शेवटपर्यंत बुचकळ्यात, की वकील उलटे पैसे कधीपासून द्यायला लागले.

त्या रात्री दादांनी रामायणातला कुत्रा सांगितला. एका ब्राह्मणाने विनाकारण काठीने डोकं फोडलं म्हणून तो रामाच्या दारात दाद मागायला येतो. शिक्षा काय द्यावी, तर म्हणतो, याला कालंजरचा मठाधिपती करा. सगळे चक्रावतात. कुत्रा सांगतो, गेल्या जन्मी मी तिथेच मठाधिपती होतो. नीट वागूनही माझं हे झालं. आता हा तापट माणूस, याचं काय होईल बघा. दादा हे सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. वाल्मीकींचं नव्हे, मागून कुणी घुसडलंय म्हणतात. ज्याने घुसडलं तो बहुतेक वकील असावा.

कुत्र्यांची नसबंदी करून जिथून उचललं तिथेच परत सोडायचं, हा नियम 2001 साली आला. मी सांगतेय ते त्याच्या बरंच आधीचं. पुढच्या मे महिन्यात आम्ही मामाकडून परत आलो तर बाकाखाली कुणी नव्हतं. मी दादांना विचारलं, बेलीफ कुठे?

दादा पेपर वाचत होते. “बदली झाली.”

“कुठे?”

“जिल्ह्याला.”

पेपर त्यांनी पुढची बरीच मिनिटं उलटला नाही. मला मात्र अभिमान वाटला. चौथीत असेपर्यंत मी वर्गात सांगत होते, आमच्या बेलीफला बढती मिळाली, तो आता साताऱ्याला मोठ्या कोर्टात असतो.

लाइट आले तेव्हा साडेचार वाजले होते. खुनी कोण ते अजून वाचायचंय.