थंडी खाली राहिली

पुण्यातील माणसाला थंडी वाजण्यापेक्षा तिचा आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो. डिसेंबर लागला की वर्तमानपत्रांत शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव, मगरपट्टा असे निरनिराळे किमान तापमान छापून येते, पाषाणकडील नातेवाईक "आमच्याकडे तुमच्यापेक्षा दोन अंश कमी" असे विजयी स्वरात फोनवर सांगतात, आणि शेवटी कोणीतरी वडीलधारे १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्याचा पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता, याची आठवण करून देऊन सर्वांना गप्प बसवतात. १९२८ साली सिमल्याहून हलवलेल्या हवामान कचेरीच्या इमारतीला जे शहर अजूनही सिमला ऑफिस म्हणते, त्या शहरात हे स्वाभाविकच म्हणायला हवे. मीही याच पंथातील आहे. शाळेच्या भूगोलात पाठ केलेले एक वाक्य मी आयुष्यभर जपले आहे: दर किलोमीटर उंचीमागे तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. पुणे ५६० मीटरवर, महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे मीटरवर, म्हणजे तेथे पाच अंश अधिक गारठा, असा सरळ हिशेब करून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी आईला घेऊन निघाले, तेव्हा मागच्या आसनावर स्वेटर, कानटोप्या आणि दोन रजया यांचा ढीग होता.

आईचे माहेर वाईचे. ढिगाकडे पाहून ती एवढेच म्हणाली, "अगं, शाल तेवढी हाताशी ठेव, वाईत लागेल. वर गेल्यावर कशाला हवंय हे सगळं?" वाई सातशे मीटरवर आहे आणि पाचगणी त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर, हे मी तिला समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले. माझे ऐकून घेऊन स्वतःचे न बदलणे ही तिची जुनी रीत आहे.

सव्वापाचला कोथरूडहून निघालो तेव्हा गाडीतील तापमापक १३ अंश दाखवत होता. या तापमापकावर फार विसंबून राहू नये हे मला ठाऊक आहे, कारण त्याचा संवेदक गाडीच्या पुढच्या भागात बसवलेला असतो आणि इंजिनाची व रस्त्याची ऊब त्याला लागते. परंतु एकाच गाडीत, एकाच सकाळी, एका ठिकाणाची दुसऱ्याशी तुलना करायला तो पुरतो. कात्रजच्या बोगद्यातून पलीकडे उतरलो आणि खेड शिवापूरच्या सखल भागात आकडा १० वर आला. येथवर माझ्या भूगोलाला धक्का नव्हता, शहराची ऊब मागे राहिली असे म्हणता आले. खंबाटकी घाट चढू लागलो, तेव्हा आकडा खाली जाईल म्हणून मी मुद्दाम पाहत राहिले. तो वर गेला. घाटमाथ्यावर १३, आणि पलीकडे उतरल्यावर पुन्हा १०. आई झोपली आहे असे मला वाटत होते, पण डोळे मिटलेल्या अवस्थेतच तिने काच पूर्ण वर करून घेतली.

सुरूर फाट्यावरून वाईकडे वळलो आणि धुक्यात शिरलो. या रस्त्याकडेचे जुने वड एरवी लांबून दिसतात. त्या दिवशी प्रत्येक वड गाडीच्या अगदी पुढ्यात आल्यावरच प्रकट होत होता, पारंब्यांवरून पाणी ठिबकत होते आणि समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरचा दिवा हा दिवा नसून नुसता पिवळा डाग वाटत होता. वाईत गणपती आळीच्या घाटावर आम्ही उतरलो, तेव्हा तापमापकावर ८ अंश होते. कृष्णेच्या पाण्यावरून वाफ निघत होती. पाणी हवेपेक्षा पुष्कळ उबदार असले की त्यावरची बाष्पाने भरलेली हवा लगोलग थंड होऊन तिचे असे धूर निघतात. आईला मात्र हे स्पष्टीकरण नको होते, तिला पाण्यात हात घालायचा होता. तिने पायरीवर वाकून हात बुडवला आणि म्हणाली, "बघ, कोमट. पौषात आम्ही पहाटे अंघोळीला यायचो ते याचसाठी. बाहेर निघालं की मग दात वाजायचे." मी शालीसाठी गाडीकडे परत गेले आणि एकच शाल हाताशी ठेवली असल्याने ती तिला देऊन स्वतः काकडत उभी राहिले. स्वेटर सगळ्यात खाली, रजयांच्या तळाशी होते.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले तो भाग. पसरणीचा घाट चढताना पहिल्या दोन वळणांपर्यंत काहीही दिसत नव्हते. रस्त्याकडेचा कठडा दिसला तरी मी देवाचे आभार मानत होते आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. मग धुके पांढरे होऊ लागले. आतापर्यंत ते राखी रंगाचे होते, आता जणू त्याच्या आत कोणी दिवा लावला होता. आकडा ९, मग १०, आणि एका वळणावर, अक्षरशः गाडीच्या दोन लांबींच्या अंतरात, आम्ही त्याच्या बाहेर आलो. वर निळे, धुतल्यासारखे आकाश होते. तापमापक १२ वरून १३ वर, पुढच्या वळणावर १५ वर गेला. सात अंशांचा फरक, आणि तोही उलट दिशेने. मी गाडी कडेला घेतली आणि काच खाली केली, तर आत ऊबदार, कोरडी, वाळलेल्या गवताच्या वासाची हवा आली.

खाली वाई नव्हती. धोमचे धरण नव्हते, नदी नव्हती, ज्या घाटावर अर्ध्या तासापूर्वी मी कुडकुडत होते तोही नव्हता. कापूस पिंजून पसरावा तसा एक सपाट, पांढरा थर डोंगरापासून डोंगरापर्यंत भरलेला होता आणि त्यातून पांडवगड व सोनजाई हे डोंगर बेटांसारखे वर आलेले होते. आमच्या मागच्या डोंगराची सावली त्या पांढऱ्यावर पडली होती आणि सूर्य चढेल तशी ती हळूहळू मागे सरकत होती. एका ठिकाणी, बहुधा एखाद्या गुऱ्हाळाचा, धुराचा निळसर दोर थरातून वर आला, थोडा चढला आणि मग छताला अडावा तसा आडवा पसरला. त्या धुराने मला जे शिकवले ते पुस्तकाने शिकवले नव्हते. हवा जोवर उंचीबरोबर थंड होत जाते तोवर उबदार धूर वर जात राहतो. येथे वरची हवाच अधिक उबदार होती, त्यामुळे धुराला वर जाण्याचे कारण उरले नव्हते.

वास्तविक पुस्तकात हेही होते. तापमानाची विपरीतता असा एक धडा होता आणि परीक्षेत तो दोन गुणांना येत असे, म्हणून मी तो दोन गुणांपुरताच वाचला. निरभ्र आणि निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते, तिला चिकटलेली हवा गार आणि जड होते, आणि जड हवा पाण्यासारखी उतारावरून घरंगळत दरीत साचते. वाईची दरी तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेली, त्यात धोमचे पाणी, कृष्णा आणि भिजवलेले ऊस असल्याने ओलावा भरपूर, म्हणून साचलेल्या गारठ्यात धुके धरते. साडेसहा अंशांचा नियम खोटा नाही, पण तो सरासरीचा आहे, आणि हिवाळ्याच्या पहाटे सरासरी घरी झोपलेली असते.

मी हे सारे आईला मोठ्या उत्साहाने सांगितले. ती कठड्यापाशी उभी होती आणि शाल काढून तिने हातावर घेतली होती. "आम्हांला कोणी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली, "पण पाचगणीला जाताना आई म्हणायची, घाट चढेपर्यंत कानाला बांधा, मग सोडा." ती बोटाने खाली कुठेतरी दाखवत होती, तेथे तिच्या वडिलांचे हरभऱ्याचे शेत होते. थंडीच्या पहाटे हरभऱ्यावर स्वच्छ धोतर पसरून ठेवायचे, दवाबरोबर पानांवरची आंब त्यात उतरली की ते पिळून बाटलीत भरायचे, आणि वर्षभर कोणाचे पोट दुखले की चमचाभर द्यायचे. हे मी पूर्वी कधी ऐकले नव्हते. पन्नाशीला आलेल्या मुलीला आईच्या लहानपणातील गोष्ट पहिल्यांदा ऐकायला मिळावी, यासाठी त्या पांढऱ्या थराखाली शेत दिसेनासे व्हावे लागले.

हा आनंद वीस मिनिटे टिकला. नंतर मागून तीन गाड्या येऊन थांबल्या, त्यांतील एकीची दारे उघडी ठेवून गाणी लावली गेली, एक ड्रोन गुणगुणत दरीवर गेला आणि मफलर, हातमोजे असा जामानिमा केलेल्या एका गृहस्थांनी मला "वर बर्फ पडलाय का हो?" असे विचारले. माझ्या गाडीतील ढीग त्यांना दिसू नये म्हणून मी मागच्या काचेसमोर उभी राहिले.

महाबळेश्वरातील दीड दिवसाविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे. गर्दी होती, मलईतील स्ट्रॉबेरीसाठी रांग होती, आणि आमच्या निवासाच्या मालकांनी खोलीतील हीटरचे रोजचे चारशे रुपये वेगळे लावले होते, जे मी माझ्या साडेसहा अंशांवरील श्रद्धेपोटी दोन्ही रात्रींचे आगाऊ भरले. एक पहाट मात्र सांगितली पाहिजे. वेण्णा तलावाकाठी दव गोठते हे दरवर्षी वाचते, म्हणून सहा वाजता आम्ही बाजारपेठेतून निघालो. बाजारात ११ अंश होते. दोनेक किलोमीटर उतरून तलावाशी पोहोचलो तर ५. गवताच्या पात्यांवर आणि उभ्या जीपच्या टपांवर पांढरी, साखरेसारखी पूड धरली होती आणि मंडळी ती नखांनी खरवडून तळहातावर घेऊन फोटो काढत होती. तेच गणित येथेही होते: तलाव खोलगट जागी आहे, म्हणून गावातला गारठा रात्रभर तेथे उतरून बसतो. शिवाय अधिकृत तापमान जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवरील झडपांच्या पांढऱ्या पेटीत मोजतात, तर उघड्या आकाशाखालील गवत किंवा पत्रा त्याहून कितीतरी अधिक थंड झालेला असतो. म्हणूनच वेधशाळेचा आकडा दहाच्या आसपास असतानाही दव गोठू शकते. "महाबळेश्वरात पारा शून्यावर" या मथळ्यातील पारा गवतावर झोपलेला असतो, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे भांडण उरत नाही. तरी मी मराठी वर्तमानपत्रांवर थोडी रागावले आहे, कारण याच मथळ्यांच्या जोरावर मी रजया वाहून नेल्या.

त्या संध्याकाळी पश्चिमेकडून पिंजलेले ढग आले आणि रात्रीपर्यंत आकाश भरले. ढग म्हणजे जमिनीवर घातलेले पांघरूण. ती सोडत असलेली उष्णता ते परत खाली पाठवतात. पहाटे तलावाशी १५ आणि बाजारातही १५ अंश होते, गवत नुसते ओलसर होते, आणि आदल्या दिवशीची गर्दी फसवले गेल्यासारखी चेहरे करून मक्याची कणसे खात होती. चारशे रुपयांचा हीटर खोलीत बंद उभा होता. मालकांना मी पैसे परत मागितले नाहीत, पण त्यांच्याकडे पाहिले मात्र बराच वेळ.

परतताना वाईऐवजी आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचे आणि वरंध्याने भोरला चढायचे असे ठरवले. हा निर्णय कंबरेच्या दृष्टीने चुकीचा होता, वळणांवर वळणे, मध्ये उखडलेला रस्ता, आणि आईचे "अजून किती?" हे अव्याहत. परंतु दिवसा, हवा ढवळली गेल्यावर, साडेसहा अंशांचा नियम पुन्हा कामाला लागलेला पाहायला मिळाला. महाबळेश्वर सोडताना २०, प्रतापगडाच्या फाट्याशी २२, आणि पोलादपुरात २९. कोकणात उतरल्याची खूण अंगाला आधी पटते: हवा जड होते, मानेशी घाम येतो, आणि डोंगर निळे राहत नाहीत, दुधट होतात. आईने आंब्याच्या झाडांकडे पाहून नाक मुरडले. "मोहोर आलाय आणि वर हे ढग. आता तुडतुडे धरणार." तिचे एकही कलम कोकणात नाही, तरी तिचा चेहरा दिवसभर उतरलेला राहिला.

वरंध्यात वाघजाईपाशी कांदाभजी खाल्ली, तीही एक डोळा माकडांवर ठेवून. तेथे २३ अंश होते. नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेने भोरकडे येताना काचेवर चारसहा थेंब पडले, तेवढेच. कापूरहोळला हमरस्ता लागला तेव्हा अंधार झाला होता, कात्रजचा बोगदा ओलांडल्यावर तापमापकाने २२ दाखवले आणि कोथरूडमध्ये, रात्री नऊला, शेजारच्या काकूंनी स्वेटरचा ढीग वर नेताना पाहून "वर फार थंडी होती का हो?" असे विचारले. मी "होती" म्हणाले. एवढे सगळे जिन्यात कोण सांगणार.

पुढचे चार दिवस आकाश भरलेलेच होते. आई रोज संध्याकाळी वाईला मामांना फोन करून धुके पडले का विचारत असे, आणि मामा रोज नाही म्हणत. पाचव्या रात्री साडेनऊला ती गच्चीत गेली, बराच वेळ वर पाहत उभी राहिली, आणि खाली येऊन मला म्हणाली, "चांदण्या निघाल्यात. गाडीत पेट्रोल आहे ना?"