साडेबारा तासांचा हिशेब

दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन, आणि मी टेबलावर भरती-ओहोटीचा तक्ता पसरून हातात लाल पेन्सिल घेऊन बसले आहे. बॅग भरायची आहे. तंबूला एका कोपऱ्यात ठिगळ लावायचं आहे, बुटांच्या नाड्या बदलायच्या आहेत. ते सगळं तसंच टाकून मी नुसते आकडे वाचते आहे. मला वेळापत्रकं वाचायला आवडतात. कुठलीही. ज्या गाड्यांनी कधी जायचं नाही त्यांचीसुद्धा.

जायचं आहे कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात, ‘लॉस्ट कोस्ट’ म्हणतात त्या किनाऱ्यावर. मटोल नदीच्या मुखापासून शेल्टर कोव्हजवळच्या ब्लॅक सँड्स बीचपर्यंत, साधारण ४० किलोमीटर. पॅसिफिकच्या कडेकडेने आलेला हायवे या भागात आला की मुकाट्याने आत वळतो, कारण इथे डोंगर थेट पाण्यात उतरतात. समुद्रापासून जेमतेम पाच किलोमीटरवर १,२०० मीटरहून उंच किंग पीक उभं आहे. रस्ता काढणाऱ्यांनी हात टेकले म्हणून किनारा तसाच राहिला. चालायचं ते डोंगर आणि लाटा यांच्या मधल्या पट्टीवरून, आणि काही ठिकाणी ही पट्टी दिवसातून दोनदा नसतेच. प्रत्येकी सहा-साडेसहा किलोमीटरचे दोन टप्पे तर असे आहेत, की भरती चढली म्हणजे बऱ्याच जागी एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला लाट, मध्ये तुम्ही.

बरोबर येणारी मैत्रीण वजनाची माणूस आहे. तिच्या स्वयंपाकघरातला काटा गेले काही आठवडे फक्त मोजे, चमचे आणि दोऱ्या मोजतो आहे. नकाशाच्या पांढऱ्या कडा तिने कात्रीने कापल्या आणि मला फोन करून किती ग्रॅम वाचले ते सांगितलं. मी ‘वा’ म्हटलं. काही माणसांना वजनाची नशा चढते, काहींना वेळेची. मी दुसऱ्या जातीची.

हे घराण्यातून आलं आहे. बाबांनी घरातलं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवलं होतं. ते पुढे आहे हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे सगळेच मनातल्या मनात दहा वजा करायचे. हे लक्षात आल्यावर बाबांनी कुणाला न सांगता ते पंधरा मिनिटं पुढे केलं. मग काही दिवस घरातला प्रत्येक जण सगळीकडे पाच मिनिटं लवकर पोचत होता आणि कुणालाच कारण कळत नव्हतं. गाडीने कुठे जायचं असलं की आम्ही फलाटावर इतके आधी पोचायचो, की आमच्या आधीच्या दोन गाड्या यायच्या, भरायच्या, निघून जायच्या. मी ट्रंकेवर बसलेली. खिडकीतली अनोळखी मुलं मला हात करायची आणि मीही त्यांना निरोप द्यायची, जणू त्यांना सोडायलाच आलो होतो. आई दर वेळी म्हणायची, ‘गाडीसुद्धा आली नाही अजून, आणि आपण आलो.’ बाबा म्हणायचे, ‘म्हणूनच.’

त्या ‘म्हणूनच’चा अर्थ मला हा तक्ता वाचताना लागला. किनाऱ्यावरच्या अशा टप्प्याचा नियम साधा आहे: पाणी उतरत असताना आत शिरायचं, म्हणजे ते पुन्हा चढायच्या आत दुसऱ्या टोकाला बाहेर. ओहोटीच्या नेमक्या क्षणी तिथे पोचणारा माणूस प्रत्यक्षात उशिरा पोचलेला असतो, कारण त्यानंतरचं प्रत्येक पाऊल चढत्या पाण्याबरोबर पडतं. तेव्हा आधी जायचं, तोंडाशीच एखाद्या दगडावर पाय पसरून बसायचं आणि पाण्याला उतरू द्यायचं. बाबा असते तर आणखी तासभर आधी गेले असते.

तक्ता वाचणं म्हणजे नुसता आकड्यावर बोट ठेवणं नव्हे. पॅसिफिकच्या या बाजूला दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, पण जोडीतली दोन्ही सारखी नसतात. एक ओहोटी चांगली खोल जाते, दुसरी नावापुरती. उन्हाळ्यात खोल ओहोट्या बहुतेक पहाटे-सकाळी येतात, म्हणजे झोपेची आशा सोडायची. पुन्हा चंद्राचा दिवस आपल्यापेक्षा लांब, २४ तास ५० मिनिटांचा, म्हणून काल जमलेली वेळ आज पाऊण-एक तासाने सरकलेली. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, त्या दिवसांत पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. शिवाय तक्ता कुठल्या बंदराचा आहे आणि आपल्या जागेसाठी किती मिनिटं मिळवायची किंवा वजा करायची, हेही पाहावं लागतं. काही तक्ते वर्षभर प्रमाणवेळच छापतात, उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे केलेली असली तरी. समुद्राशी एक तासाची चूक करायची नसते. मी प्रत्येक पानाच्या माथ्यावर लाल पेन्सिलीने तसं लिहून ठेवलं, एकदा नव्हे, दोनदा.

आणि तो बाराव्या हिश्श्याचा ठोकताळा. दर्यावर्दी लोकांत तो जुना आहे. पाणी चढायला साधारण सहा तास घेतं, पण सारख्या गतीने चढत नाही. एकूण चढाचे बारा हिस्से धरले, तर पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि शेवटी एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोनच तासांत येतं. हे मला फार माणसासारखं वाटतं, आणि धोक्याचंही तेच आहे. पहिला तास इतका सौम्य जातो, की माणूस म्हणतो, ‘अजून वेळ आहे,’ आणि शिंपले बघत बसतो. इथल्या दिवसातल्या दोन भरत्या-ओहोट्या सारख्या नसल्यामुळे हा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही, पण शिंपले बघत बसू नये एवढं त्यातून नक्की कळतं.

बाकीची तयारी मी भराभर उरकते, कारण तिच्यात वाद घालण्यासारखं काही नाही. सुती कपडे नकोत, भिजले की वाळत नाहीत आणि धुक्यात हाडं गोठवतात. मऊ वाळूत चालायला कठीण जमिनीच्या दुपटीहून जास्त शक्ती लागते, म्हणून पाण्याजवळच्या ओल्या, घट्ट वाळूवरून चालायचं. पाठ मात्र समुद्राकडे करायची नाही, कारण बाकीच्यांपेक्षा एकदम वर येणारी लाट सांगून येत नाही. वाहून आलेल्या ओंडक्यांवर लाटा पोचत असताना चढायचं नाही. तो ओंडका पाण्यात उचलला जातो आणि माणसाला खाली घेतो. पिण्याचं पाणी ओढ्याचं, तेही मुखापासून थोडं वर जाऊन घेतलेलं आणि गाळून शुद्ध केलेलं. चालायचं उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे वायव्येचा वारा पाठीशी राहतो. मोज्यांबद्दल माझी मतं आहेत, पण ती मी सांगणार नाही. मोज्यांवर बोलायला लागलेला माणूस थांबत नाही.

अस्वलाच्या डब्याबद्दल मात्र बोलायलाच हवं. या वाटेवर खाणं कडक प्लास्टिकच्या डब्यात ठेवणं सक्तीचं आहे. अस्वलाला उघडता येऊ नये असा तो बनवलेला असतो. काही डब्यांची झाकणं नाण्याने फिरवावी लागतात आणि अस्वलाकडे सुटे पैसे नसतात, हे गृहीत. खाण्याबरोबर वासाची प्रत्येक गोष्ट आत जायला हवी: टूथपेस्ट, साबण, उन्हाचं क्रीम. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानाच्या किनाऱ्यावरही हाच डबा सक्तीचा आहे, आणि तिथला खरा चोर रकून. एवढासा प्राणी, पण सगळा बंदोबस्त अस्वलाच्या नावावर. डबा रिकामाच किलोभराहून जड. मैत्रिणीने तो काट्यावर ठेवला आणि बराच वेळ काही बोलली नाही. नकाशाच्या किती कडा कापल्या म्हणजे एक डबा होतो, हा हिशेब तिचा तिने मनात केला असणार.

पहिल्याच दिवशी पुंटा गोर्डाचं दीपगृह लागतं. १९१२ मध्ये सुरू झालं, १९५१ मध्ये बंद. आता आसपास हत्ती-सील लोळत असतात, त्यांच्यापासून लांबून वळसा घालायचा. दिवा राखणारी माणसं इथे कशी राहिली असतील हा विचार सगळेच करतात. मला कुतूहल त्यांच्या घड्याळाचं. ते कशावरून लावत असतील?

हे वाचता वाचता एक नोंद सापडली आणि माझा उत्साह जरा बसला. २५ एप्रिल १९९२ रोजी इथे ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यात केप मेंडोसिनो या भूशिरापासून पुंटा गोर्डाच्या पलीकडेपर्यंत सुमारे २४ किलोमीटरचा किनारा वर उचलला गेला, काही ठिकाणी एक मीटरहून जास्त. जे खडक रोजच्या भरतीत बुडायचे ते कायमचे कोरडे पडले, आणि त्यांना चिकटून राहिलेले शिंपले, शेवाळ, सगळं तिथेच वाळून मेलं. त्या शिंपल्यांचा समुद्रावर काय विश्वास असेल! त्यांच्या आयुष्यात पाणी कधी आलं नाही असा दिवस नव्हता. माझ्या हातातला तक्ता चंद्र-सूर्याच्या गणितावर चालतो, ते गणित चुकत नाही. जमीनच हलली तर मात्र तक्त्याकडे त्याचा रकाना नाही. वाऱ्याचा आणि हवेच्या दाबाचाही नाही. दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी सेंटीमीटरभर वर येतं, आणि वादळात तो चांगलाच उतरतो. म्हणजे छापलेल्या आकड्यावर माया करावी, पण डोळे पाण्यावरच हवेत. जमीन बराच वेळ हलत राहिली तर मागून त्सुनामी येऊ शकते, तेव्हा काहीही न शोधता, काहीही न आवरता वर पळायचं, हे वेगळं.

संध्याकाळी लेकीला मागे ठेवायचा कागद लिहायला बसले. कुठून शिरणार, रोज कुठे मुक्काम, कुठे बाहेर पडणार, गाडी कुठे उभी. वाटेत बहुतेक ठिकाणी फोन लागत नाही, त्यामुळे हा कागदच काय तो आधार. तिने वाचला आणि थेट विचारलं, ‘आई, किती उशीर झाला की मी घाबरायचं?’

मी म्हटलं, हिशेब सोपा आहे. एक ओहोटी हुकली तर पुढची साडेबारा तासांनी. पण ती रात्रीची असेल आणि अंधारात त्या दगडांवरून आम्ही जाणार नाही, म्हणून त्यापुढची. तोवर काही कळलं नाही, तर शेरीफच्या ऑफिसला फोन. नंबर खाली लिहिला आहे.

‘म्हणजे चोवीस तास मी नुसती बसून राहू?’

‘चोवीस तास पन्नास मिनिटं.’

तिला हसू आलं नाही. ती बारा म्हणाली. मी म्हटलं, बारा तासांत तर आम्ही एखाद्या दगडावर अगदी सुखरूप, पाणी उतरायची वाट बघत बसलेल्या असू, आणि तिकडे उगाच हेलिकॉप्टर उडेल. ती म्हणाली, उडू दे. बरीच घासाघीस झाली. शेवटी अठरावर तोडलं. अठरा तासांना समुद्राच्या हिशेबात काहीही अर्थ नाही.